मागे न जाणारा पट्टा

हॉस्पिटलच्या जुन्या मशीनमधल्या रुग्णांच्या नोंदी नव्या मशीनमध्ये हलवायचं काम सकाळपासून चाललं होतं. आठ कामं एकाच वेळी, आणि त्या सगळ्यांचं मिळून किती काम झालं ते दाखवणारा पडद्यावर एकच हिरवा पट्टा. सत्त्याण्णव टक्के! एक वाजता वायरमन दुरुस्तीसाठी वीज तोडणार होता, आणि ते म्हातारं मशीन एकदा बंद पडलं की पुन्हा उठेल याची खात्री कुणीच देत नव्हतं.

"दहा मिनिटं आहेत. आरामात होतंय," कंपनीचे साहेब खुर्चीत रेलून म्हणाले.

पट्टा बनवणाऱ्या प्रोग्रामरला मात्र तसं वाटत नव्हतं. अर्धा तास पट्टा हलेना, म्हणून तिने आत डोकावून पाहिलं, तर तीन कामं मध्येच कोसळून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली. अशा वेळी पट्टा मागे यायला हवा. पण मागे आला की गिऱ्हाइकं घाबरतात, असं साहेब म्हणाले होते, आणि या बाईने तो कधीच मागे येणार नाही अशी सोय करून दिली होती. वर शाबासकीही घेतली! आता ती सोय चांगलीच अंगाशी आली होती.

दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, त्यांच्यामागे पिशवी घेऊन वायरमन. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध चालत नाही, ते सगळं या नोंदींत होतं. गप्प बसावं तर ते जाणार, तोंड उघडावं तर नोकरी.

"वीज तोडू नका," ती म्हणाली. "पट्टा खोटा आहे. मीच तसा केलाय."

"अहो, काहीतरी काय बोलताय!" साहेब ताडकन उठले.

तिने ती सोय काढून टाकली. पट्टा सर्रकन एकसष्टवर आला.

"दादा, तीनपर्यंत हात लावायचा नाही," सिस्टर वायरमनला म्हणाल्या. त्याने मुकाट्याने पिशवी खाली ठेवली. तिचा जीव भांड्यात पडला.

"ताई," सिस्टर तिच्याकडे वळल्या, "मागच्या महिन्यात बाळंतिणींच्या विभागाच्या नोंदी तुम्हीच हलवल्यात ना? नव्याण्णववर साहेब म्हणाले, झालंच समजा, आणि जुनं मशीन बंद केलं. ते नव्याण्णव खरे किती होते?"

साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

तिने कीबोर्डवर हात ठेवले आणि तसेच राहू दिले. ते मशीन भंगारात गेलं होतं.