दुसऱ्याच्या हातचं शून्य

धैर्यशीलच्या फिल्मनं शून्य गाठलं, ही बातमी संयोगिताला प्रयोगशाळेच्या दारातच कळली आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. दुखणारच. निकेलच्या मिश्र ऑक्साइडचा पातळ थर, म्हणजे फिल्म, इवल्याशा चकतीवर चढवायचा, ती चकती डब्यातल्या चपातीसारखी फॉइलमध्ये गुंडाळायची, कॅल्शियम हायड्राइडच्या पावडरीबरोबर नळीत बंद करून तापवायची, म्हणजे थरातला नको असलेला ऑक्सिजन निघून जातो. मग तो थर खूप थंड केला की वीज विनाअडथळा वाहू लागते. हे सगळं बिद्रीहून आलेल्या या पोराला तिनंच शिकवलं होतं. तिच्या स्वतःच्या फिल्मांचा अडथळा मात्र इतक्या वर्षांत शून्याकडे कधी फिरकला नव्हता.

परदेशात हे साधलं होतं. कोल्हापुरात पहिल्यांदा कोण साधणार, एवढाच प्रश्न होता, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव त्याचंच लागणार होतं. त्या जागी संयोगितानं मनातल्या मनात कधीच एक नाव छापून टाकलं होतं, तिचं स्वतःचं.

पण पेढे अजून वाटले नव्हते. दोघांच्या गाईड निशिगंधा मॅडम यांचा दंडक होता की स्वतःच्या फिल्मचं शून्य स्वतःच्या हातचं असेल तर धरायचं नाही. फिल्मवर चांदीच्या लेपानं बारीक तारा चिकटवतात. लेप जरा पसरून दोन तारा एकमेकींना भिडल्या, की खोटं शून्य दिसतं. म्हणून जुन्या तारा काढायच्या आणि दुसऱ्यानं नव्या लावायच्या. आणि तारा लावण्यात संयोगिताचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ताई, तुमचा हात हाय म्हटल्यावर मला घोर न्हाय," धैर्यशील म्हणाला. या भोळेपणानं तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

आधी तिनं त्याच्या जुन्या तारा सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. लेप कुठंतरी ओघळलेला असेल, अशी तिला फार आशा होती. तो ओघळला नव्हता. मग तिनं नव्या तारा अशा निगुतीनं लावल्या की तसं काम तिनं स्वतःच्या फिल्मसाठीही कधी केलं नव्हतं. फिल्म फसलीच तर फिल्मच्याच कर्मानं फसावी, कुणी आपल्याकडं बोट दाखवू नये, एवढंच तिला हवं होतं.

यंत्र थंड होत गेलं. तिघं पडद्यासमोर बसली. अडथळ्याची रेघ शहाण्यासारखी खाली येत होती आणि ऐन बुडी मारायच्या जागी थयथया नाचायला लागली. मॅडमनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग म्हणाल्या की आधीचंही शून्य खोटंच असणार, ठेवून द्या ती फिल्म. धैर्यशीलचं तोंड एवढंसं झालं. संयोगिताला आनंद झाला. चेहऱ्यावर मावेना इतका झाला, म्हणून यंत्र पुन्हा गरम झाल्याबरोबर फिल्म काढायला तीच उठली.

सूक्ष्मदर्शकाखाली तिनं सहज पाहिलं. एक तार लेपातून उचलली गेली होती. तिनं लावलेली तार.

ती दोघं पलीकडं चहा घेत होती. चिमट्याचा एक धक्का, तारा खाली, फिल्म डबीत, संपला विषय. संयोगिता चिमटा धरून उभी राहिली. तिच्या मनात काही देव जागा झाला नव्हता. जळफळाट होता तसाच होता. पण ते शून्य तिनं अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ज्याच्यासाठी सणवार सोडले, घरच्यांची बोलणी खाल्ली, ते या डबीत कायमचं झाकून ठेवायचं, हे तिला सोसवेना.

"तार माझी सुटलीया," तिनं आत जाऊन सांगितलं. "फिल्मचा दोष न्हाय. परत लावायला पायजे."

दुसऱ्या खेपेला रेघ खाली आली, बुडी मारली आणि तळाला जाऊन निवांत पडून राहिली. मॅडमनी टाळी वाजवली. संयोगिता त्या सपाट रेघेकडं बघत राहिली. इतकी सुंदर होती ती, आणि तिची नव्हती. तिचे डोळे भरून आले. मॅडमना वाटलं, आनंदानं.

धैर्यशीलनं पेढ्यांचा पुडा आधी तिच्यापुढं धरला. तिनं डोळे पुसले आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.

"पेढा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू फॉइल कशी गुंडाळली हुतीस, ते दाव मला."