मायक्रॉनमामाचं गेज

कारखान्यात सगळे त्याला मायक्रॉनमामा म्हणत; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रायफलची काडतुसं तपासणं हे त्याचं तीस वर्षांचं काम. हातात पोलादी गेज, म्हणजे अचूक मापाचं भोक असलेली जाडजूड कडी. काडतूस त्यात अलगद बसलं तर पास, अडलं तर बाद. जाड काडतूस ऐन वेळी रायफलीत अडकलं की सैनिकाच्या जिवाशीच गाठ.

गेजवर त्याचा भारी जीव. दर शनिवारी पॉलिश लावून ते आतून-बाहेरून घासायचा. बायको म्हणायची, "एवढी माझी भांडी घासली असती तर!"

निवृत्तीच्या दिवशी त्यानं गेज मापन-खोलीत जमा केलं. तिथे त्याचीच लेक कामाला. तिनं ते मापलं, पुसलं, पुन्हा मापलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, भोक मोठं झालंय. गेल्या महिन्यात जेमतेम मर्यादेत होतं, आता तीन मायक्रॉन बाहेर."

"झिजलं असेल वापरून."

"नुसत्या वापरानं एवढं नाही झिजत. तुमच्या पॉलिशनं झिजलंय."

म्हणजे जाड काडतुसंही त्यातून पास झाली असणार. त्यानं महिनाभरात पास केलेली वीस हजार काडतुसं दुपारी रवाना होणार होती. त्याच्या सहीचा एकही लॉट आजवर परत आला नव्हता, आणि संध्याकाळच्या निरोप समारंभात साहेब नेमकं तेच सांगणार होते.

लेक हळूच म्हणाली, "तीन मायक्रॉननं कदाचित काही होणारही नाही. अहवाल उद्या दिला तर..."

"कदाचित? हे मी शिकवलं का तुला?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी फोन त्यानंच उचलला आणि लॉट थांबवला.

संध्याकाळी साहेब पुष्पगुच्छ घेऊन ताटकळत होते आणि मामा नवं, तेलकट गेज घेऊन पेट्या उपसत होता. लेक शेजारी बसून नोंद करत होती. अकराव्या पेटीतलं एक काडतूस अडलं. त्यानं ते तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे मी पास केलं होतं," तो म्हणाला.

सवयीनं त्याचा हात फडक्याकडे गेला आणि फडकं नव्या गेजकडे. लेकीनं फडकं हळूच काढून घेतलं.

"बाबा, आईची भांडी आहेत की घरी."

तो हसला, डोळे पुसले आणि बारावी पेटी उघडली.