धडधाकट गुडघा

सर, तुम्ही खोटं बोललात. क्लबच्या अध्यक्षांसमोर बोललात, माझ्या आईसमोर बोललात, आणि प्रत्येक वेळी थंड फवारा घेऊन मैदानात धावत येणाऱ्या फिजिओताईंसमोरही बोललात. बोलताना तुमच्या कपाळावर एक आठीसुद्धा पडली नाही. गुडघा गेला म्हणून तुम्ही मला, पहिल्या संघाच्या गोलकीपरला, घरी बसवलंत. माझा गुडघा गेलेला नाही. तो कधीच गेला नव्हता. हे माझ्याइतकंच कोणाला ठाऊक असेल तर ते तुम्हाला.

ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही त्यांना आधी सरळ सांगते. इतर कोणी खेळाडू पडली तर तिला रेषेबाहेर नेतात आणि खेळ पुढे सुरू होतो. गोलकीपर पडली तर खेळ थांबतो, कारण गोल उघडा टाकून कोणी खेळत नाही. ती पडली असेल तिथेच तिच्यावर उपचार होतात. तेवढ्यात बाकीच्या जणी पाणी प्यायच्या निमित्ताने प्रशिक्षकाभोवती गोळा होतात आणि तो त्यांना समोरच्या संघाला कुठे अडवायचं ते समजावून सांगतो. हे बऱ्याच ठिकाणी चालतं आणि कोणाला शिक्षा होत नाही. फक्त त्यासाठी गोलकीपरला पडावं लागतं.

तुमची खूण टोपीची होती. तुम्ही टोपी काढायची, उरलेल्या केसांवरून हात फिरवायचा, टोपी परत घालायची. की मी पुढचा चेंडू हातात आल्यावर खाली बसायचं आणि उजवा गुडघा धरायचा. पोरी तुमच्या पाठीमागे तुम्हाला टोपीच म्हणतात. तुम्हाला माहीत नसेल तर आता कळलं. मला त्या पाल म्हणतात, कारण लहान असताना मी दाराच्या चौकटीला हातपाय लावून वर चढून बसायची आणि हे मीच एकदा बसमध्ये बरळले होते.

पहिल्यांदा बसले तेव्हा समोरच्या पोरींनी आम्हाला नुसतं नाचवलं होतं. तुम्ही टोपी काढलीत, मी बसले, तुम्ही बचावाची फळी बदललीत आणि सामना वाचला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत तुम्ही म्हणालात, की आजचा सगळ्यात मोठा गोल पालीच्या गुडघ्याने वाचवला. सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

मग ते अंगवळणी पडलं. समोरची एक उंच पोरगी माझ्या डोक्याशी येऊन म्हणायची, "उठा महाराणी, तुमची सभा संपली." तिचा राग यायचा नाही, कारण ती खरं बोलत होती. त्रास व्हायचा तो रेफरीचा. त्या वाकून हळू आवाजात विचारायच्या, नक्की कुठे दुखतंय. मी गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवरची जागा दाखवायची. ती जागा मी आधीच ठरवून ठेवली होती. खोटं बोलायचं तर तेही नेमकं बोलावं लागतं, नाहीतर गडबड होते. ती गडबड मी केलीच. एका सामन्यात मी घाईत डावा गुडघा धरला. फिजिओताई सवयीने उजव्यावर फवारा मारत होत्या. आम्हा दोघींना हसू आवरेना. मी हातमोजे तोंडावर घेतले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, रडतेय.

बघणारी माझी आई होती.

आई घरी बसून शाळेचे गणवेश शिवते. शिवणयंत्र पायाने चालवायचं. त्याने तिचे स्वतःचे गुडघे केव्हाच निकामी झालेत. उठताना ती आधी टेबलाची कड धरते, मग एक पाय सरळ करते, मग थांबते, मग दुसरा. तरी माझ्या प्रत्येक सामन्याला ती यायची आणि बरोबर माझ्या गोलच्या मागे बसायची. मध्यंतरात संघ बाजू बदलायचे तेव्हा तीही पिशवी उचलून सगळं मैदान वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायची. कपडे शिवायला येणाऱ्या बायकांना सांगायची, आमची मुलगी गोल राखते. जणू मी एखादी तिजोरी राखत होते.

मी पहिल्यांदा पडले त्या संध्याकाळी आईने गरम पाण्याची पिशवी आणली. मी पाय पुढे केला. सर, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. हे मी केलं. धडधाकट गुडघा मी तिच्यासमोर धरला आणि तिने त्याच्यावर पिशवी ठेवली, घसरू नये म्हणून टॉवेल गुंडाळला आणि ती जमिनीवर माझ्यापाशी बसून राहिली. आपलं तंत्र बाहेर जाता कामा नये असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. तेही खोटंच. माझं काम आता चेंडू अडवण्याचं कमी आणि सोंग करण्याचं जास्त झालंय, हे तिला सांगायची लाज वाटत होती. पिशवी थंड झाली की ती विचारायची, बरं वाटतंय का. मी म्हणायची, थोडं.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पॅंटच्या उजव्या गुडघ्याला आतून फोमचा तुकडा शिवला. बाहेरून टाका दिसत नव्हता. मी चुकून डावा धरला त्यानंतर डाव्यालाही तुकडा आला. यंत्रावरून मान वर न करता ती म्हणाली, "आता दोन्हीकडे गेलं वाटतं." मी ती पॅंट घालून खेळत राहिले. पडताना दर वेळी ते मऊ लागायचं.

शेवटच्या सामन्यानंतर दोन दिवसांनी मी सरावाला आले तर शिपाई बोलवायला आला. अध्यक्षांच्या खोलीत तुम्ही खिडकीपाशी उभे, फिजिओताई दाराशी, आणि खुर्चीच्या अगदी टोकावर माझी आई. मला न सांगता आली होती. मांडीवर पिशवी, हातात माझी पॅंट. ती अध्यक्षांना पॅंट उलटी करून फोम दाखवत होती.

ती म्हणाली, "साहेब, मी भांडायला आले नाही. पण पोरीचा गुडघा तुमच्या मैदानावर गेला. मी घरच्या घरी जमेल तेवढं केलं. आता मोठ्या डॉक्टरला तुम्ही दाखवा."

अध्यक्षांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला माझ्या जागी वयाने धाकटी गोलकीपर आणायची होती हे पोरींना आधीच कळलं होतं, फक्त कारण सापडत नव्हतं. ते माझ्या आईने पिशवीत घालून आणून दिलं. तुम्ही किती मायेने बोललात. ताई, तुमचं अगदी बरोबर आहे, म्हणालात. प्रत्येक सामन्यात बिचारी पडते, सगळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच पुढच्या हंगामात तिला घ्यायचं नाही असं ठरवतोय, तिच्याच भल्यासाठी.

आईने पॅंट सुलट केली. नीट घडी घातली. मग पुन्हा उलगडली. आपण काय करून बसलो ते तिला कळायला तेवढा वेळ लागला.

मी म्हणाले, माझा गुडघा चांगला आहे. कोणी लक्ष दिलं नाही. मी टेबलासमोर एका पायावर खाली बसले आणि हात न टेकता उठले. मग दुसऱ्या पायावर. आणि मग सगळं सांगितलं. टोपी, फवारा, वाटीच्या खालची जागा, सगळं. सांगताना आईकडे बघितलं नाही.

तुम्ही हसलात. "उकडतं म्हणून टोपी काढतो मी. आता टोपी काढायचीही चोरी झाली का?"

अध्यक्षही हसले. मी फिजिओताईंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्या बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाल्या, मला बोलावलं की मी जाते. त्यांना नोकरी आहे. मलाही संघातली जागा टिकवायची होती, म्हणूनच मी पडत होते. त्यांना मी काय नावं ठेवणार?

मग अध्यक्षांनी मला विचारलं, की तुझा गुडघा गेलाय असं धरू, की तू वर्षभर क्लबचं नाव लावून मैदानात लबाडी करत होतीस असं धरू? तूच निवड. दोन्हीत तुला ठेवता येत नाही. तुमचं नाव त्या प्रश्नात कुठेच नव्हतं, सर. पडणारी मी, तर लबाडही मीच.

आई आणि मी बस थांब्यापर्यंत चालत आलो. थांब्यावरच्या बाकावर बसताना तिने खांब धरला. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "दुखऱ्या गुडघ्याने माणूस असं उठत नाही. तू टुणकन उठायचीस. मला दिसत होतं."

मला वाटलं, हिला ठाऊक होतं. क्षणभर सुटल्यासारखंसुद्धा वाटलं.

"मला वाटायचं, मी मागे बसलेय म्हणून सोसतेस," ती म्हणाली. "मी घरी येऊन सांगायची सगळ्यांना, किती सोसते."

घरी आल्यावर तिने छोटी कात्री घेतली आणि पॅंटचे दोन्ही फोम उसवले. मी म्हटलं, आई, राहू दे. ती म्हणाली, चांगल्या गुडघ्याला कशाला? एकेक टाका तिने काढला, कापड कुठे फाटू दिलं नाही. मग टेबलाची कड धरून उठायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. मी धावत जाऊन पाणी तापवायला ठेवलं. पिशवी भरून आणली.

"नको," ती म्हणाली. "आज तुझ्या हातची नको."

पिशवी माझ्याच हातात थंड झाली.

मी लबाडी केली. ते मी अध्यक्षांसमोर बोलले, आईसमोर बोलले, आता इथे सगळ्यांसमोर बोलते आहे. माझ्या वाटणीची लाज मी घेतली. तुमच्या वाटणीची कोण घेणार? ती धाकटी? आता ती त्याच गोलमध्ये उभी राहणार. तिचा बाप आमच्या सामन्यांना यायचा, तो आता तिच्या गोलमागे बसेल, माझी आई बसायची तिथेच.

तुम्ही उकडतं म्हणून टोपी काढता. ठीक आहे. शेवटचा सामना आठवा. पाऊस कोसळत होता. माझ्या गोलसमोर तळं झालं होतं. बाकावरच्या पोरी प्लास्टिक पांघरून कुडकुडत होत्या. आई गोलमागे छत्रीत बसली होती. आणि तुम्ही रेषेपाशी आलात, टोपी काढलीत, डोक्यावरून हात फिरवलात, पाणी तुमच्या मानेवरून कॉलरमध्ये ओघळत होतं, आणि तुम्ही टोपी परत घातलीत. मी चिखलात बसले.

अध्यक्षांना सांगू नका, मलाही सांगू नका. आमच्या घरी या, शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसा आणि माझ्या आईच्या तोंडाकडे बघून सांगा. भर पावसात, सर, तुम्ही टोपी का काढलीत?