पेपर पिवळा, पुठ्ठा निळा

"सही करा बाई, म्हणजे मी सुटलो," कारकून दारातूनच म्हणाले. "पाचला बोर्डाच्या याद्या बंद. त्यानंतर कोणी पाया पडलं तरी विषय बदलायचा नाही."

"ठेवा तिथं," बाई म्हणाल्या. त्यांचं सगळं लक्ष टेबलावर होतं.

नववी 'ब' च्या कलचाचणीचा गठ्ठा कपाटात टाकायचा होता. दोरी सैल झाली होती म्हणून त्यांनी तो सोडला, तर वरच्याच उत्तरपत्रिकेखालून भोकं पाडलेला एक पुठ्ठा निघाला. चार महिन्यांपूर्वी गुण मोजताना तो तिथंच राहिला होता. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात निळी पट्टी होती. आणि उत्तरपत्रिकेवर मुलीने आपल्या हाताने लिहिलं होतं : संच पिवळा.

बाईंनी घाईघाईने खालच्या उत्तरपत्रिका उलटल्या. निळा, पिवळा, निळा, पिवळा. पिवळ्या संचाचा पुठ्ठा शोधायला कपाट उघडलं, तर तो 'अ' तुकडीच्या गठ्ठ्यात सुखाने पडून होता. म्हणजे 'ब' तुकडीच्या उत्तरपत्रिकांपर्यंत तो आलाच नव्हता.

शाळेत बाई भूगोल शिकवायच्या. दहा दिवसांचं एक प्रशिक्षण केलं एवढ्या पुण्याईवर व्यवसाय मार्गदर्शनाचं काम एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यात पडलं, आणि पुढे ते त्यांना आवडायला लागलं. प्रयोगशाळेमागची चिंचोळी खोली त्यांना मिळाली. मुलं पाठीमागे त्यांना 'होकायंत्र' म्हणत, आणि ते कानावर आलं तेव्हा राग येण्याऐवजी बाई दिवसभर खुशीत होत्या. पालक तर त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत. बाई म्हणाल्या गणित, की गणित. बाई म्हणाल्या नको, की विषय संपला.

चाचणीची पद्धत साधी होती. शेजारी शेजारी बसणाऱ्यांना वेगवेगळे संच, म्हणजे बघून लिहायचा मोह नको. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकातून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या. निळ्याला निळा, पिवळ्याला पिवळा. हे काम पहिलीतलं पोरही करील, असं त्या स्वतःच म्हणत असत.

पहिलीतलं पोर करील ते त्यांना जमलं नव्हतं. पालकसभा दुसऱ्या दिवशी होती, त्यांनी घाई केली, आणि संपूर्ण 'ब' तुकडी एकाच पुठ्ठ्याने मोजली. अर्ध्या मुलांचे गुण तळाला गेले होते, तरी त्यांना शंका आली नाही. का आली नाही, हे आठवलं तेव्हा मात्र बाईंचे कान तापले. 'ब' तुकडीच ती, तिच्याकडून आणखी काय होणार, असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईंनी दाराला आतून कडी लावली. पिवळा पुठ्ठा घेऊन त्या पुन्हा मोजायला बसल्या. पिवळ्या संचाच्या एकोणीस उत्तरपत्रिका होत्या. पहिला मुलगा : तेव्हा चाळीसपैकी अकरा, आता तेहतीस. त्याला त्यांनी सांगितलं होतं, "तंत्रशाखेचा नाद सोड." दुसरी मुलगी : तेव्हा नऊ, आता अठ्ठावीस. ती या खोलीतून बाहेर पडून जिन्यात रडली होती, आणि बाईंनी तिला पाणी दिलं होतं. पाणी दिल्याचं त्यांना तेव्हा किती बरं वाटलं होतं!

अठरा उत्तरपत्रिकांचे गुण वर गेले. एकोणिसाव्या उत्तरपत्रिकेचे खाली आले.

ती शेवटच्या बाकावरच्या मुलीची होती. वर्गात तोंड उघडत नाही म्हणून पोरांनी तिचं नाव 'मौन' ठेवलेलं. बाप वेल्डर. आकृत्यांच्या या चाचणीत तिला चाळीसपैकी पस्तीस गुण पडले होते, तुकडीत त्याहून जास्त कोणालाच नव्हते. पालकसभेत बापाने दोनदा विचारलं होतं, "बाई, आमचीच ना? दुसऱ्या कोणाची पत्रिका नाही ना आली?" आणि बाई भर सभेत ऐटीत म्हणाल्या होत्या, "कागद खोटं बोलत नाही, दादा." त्या माणसाने त्याच आठवड्यात लेकीला प्लायवुडचा ड्रॉइंग बोर्ड करून दिला. मुलीने तांत्रिक चित्रकला आणि पदार्थविज्ञान घेतलं होतं.

आता पिवळ्या पुठ्ठ्याच्या भोकांतून सात खुणा दिसत होत्या.

बाईंनी तीन वेळा मोजलं. गप्प बसावं, असं मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि चांगलं पाच-सहा मिनिटं राहिलं. कपाटाला कुलूप लावलं की संपलं. कोण कशाला हे गठ्ठे पुन्हा सोडणार? पण जिन्यात रडणारी ती मुलगी काही डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी त्या उठल्या आणि मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या.

मोठ्या सरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांचाही चेहरा उतरला.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

"मग बाई, एवढी घाई कशाला? पुढच्या वर्षी नीट करा की."

"पुढच्या वर्षी ही मुलं नसतील, सर. त्यांचे विषय पाच वाजता कायमचे ठरतायत."

"पालक माझ्या अंगावर येतील. संस्थेला काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा," बाई म्हणाल्या. "माझं नाव सांगा, सर."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "करा फोन. पण उद्यापासून तुम्ही फक्त भूगोल. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे द्या."

एक ते चार बाई फोन करत होत्या. प्रत्येक वेळी घंटा वाजायला लागली की कोणी उचलू नये असं वाटायचं, आणि कोणी उचललं नाही की जीव आणखी खाली जायचा. एका आईने त्यांना वाट्टेल ते सुनावलं. एक आजोबा म्हणाले, "चूक सांगायला फोन करणारी माणसं तरी कुठे राहिलीत," आणि तेच बाईंना जास्त लागलं. बारा जणांनी विषय बदलले, चार जणांनी आहेत तेच ठेवले. दोन फोन शेवटपर्यंत लागले नाहीत, आणि कारकून दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवून जात होते.

वेल्डर चार वाजून वीस मिनिटांनी लेकीला घेऊन आला. कामावरून तडक निघाला असावा. डोळे लाल होते आणि बाहीला बारीक बारीक भोकं पडली होती.

"काही केलं का हिनं?" त्याने उभ्यानेच विचारलं.

"तिनं नाही, मी केलंय. बसा, दादा."

बाईंनी सांगितलं. दोन्ही पुठ्ठे समोर ठेवून, काही न गाळता सांगितलं. आकडा सांगताना त्या सातच म्हणाल्या, आठ नाही. बाप पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मुलगी जमिनीकडे बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"की ते पस्तीस माझे नव्हते." बोलायची सवयच नसल्यामुळे प्रत्येक शब्द अडखळत येत होता. "मी शेजारचीचं बघून लिहिलं होतं. सगळंच्या सगळं."

बाईंनी गठ्ठ्यातून शेजारच्या मुलीची उत्तरपत्रिका काढली. संच निळा, गुण पस्तीस. दोन्ही पत्रिका त्यांनी शेजारी ठेवल्या. एकेक खूण सारखी होती. निळ्या संचाची उत्तरं पिवळ्या पत्रिकेवर उतरली होती, आणि बाईंनी ती निळ्याच पुठ्ठ्याने मोजली होती.

"अगं, पण कशासाठी? कलचाचणीत कोणी नापास होत नाही, हे मी सांगितलं होतं ना?"

"सगळे भराभरा लिहीत होते. मला भीती वाटली." ती म्हणाली, "मग तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत. बाबांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. आता मला येत नाही हे कळेल म्हणून मी रोज काढत बसते. चार महिने, बाई. तुम्ही वर्गात आलात की वाटायचं, कळलंच यांना."

चार महिने ही पोर आपल्याला बघून घाबरत होती आणि आपण तिच्याकडे कौतुकाने बघत होतो, हे बाईंना सहन होईना. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

बापाने लेकीच्या दप्तरातून गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. लोखंडी फाटकाचं रेखाटन होतं, मापांसकट. एका कोपऱ्यात खोडून खोडून कागद झिजला होता.

"हे हिनं माझ्यासमोर काढलंय," तो म्हणाला. "कोणाचं बघून नाही. मागच्या आठवड्यात मी यावरून फाटक केलं. एका बाजूला बोटभर चुकलं. बाकी बसलं." "आता तुम्हीच सांगा बाई. काय लिहायचं? तुम्ही सांगाल ते."

दारात कारकून येऊन उभे राहिले. पाचला अकरा मिनिटं होती.

एकोणीस वर्षांत हा प्रश्न बाईंना शेकडो जणांनी विचारला होता आणि त्यांचं उत्तर कधी अडलं नव्हतं. त्यांनी रेखाटनाकडे पाहिलं, सात खुणांकडे पाहिलं. एक फाटक म्हणजे दोन वर्षांचं पदार्थविज्ञान नव्हे. आणि सात गुण म्हणजे ही मुलगी नव्हे.

"मला माहीत नाही, दादा," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही."

बापाच्या चेहऱ्यावर जी भीती आली, ती बाईंनी त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्या चेहऱ्यांत मोठी होती. तो लेकीकडे वळला. लेक टेबलावरच्या विषयनिवडीच्या कोऱ्या अर्जाकडे बघत होती. तिने अर्ज आपल्याकडे ओढला.

"चुकलं तर?" तिने बाईंना विचारलं.

"तर मला येऊन सांग."

"इथंच?"

"इथं नाही. ही खोली आता माझी नाही." बाईंनी पदराने डोळे पुसले. "खालच्या मजल्यावर, सातवीचा वर्ग आहे ना जिन्याजवळ, तिथं ये. केव्हाही ये."

मुलीने मान हलवली. बाईंनी आपलं पेन तिच्यापुढे केलं. ते घेताना तिची बोटं बाईंच्या बोटांना लागली. ती बर्फासारखी गार होती, आणि बाईंचीही तशीच होती. मग ती लिहायला लागली. अर्ज हलू नये म्हणून बापाने त्याच्या एका कोपऱ्यावर आपला काळा पडलेला अंगठा दाबून धरला.