खरं वाक्य

"पाचवीचा पट किती, गुरुजी?"

"पाचवी न्हाय साहेब."

"म्हणजे थेट सहावी?"

"सहावी पन न्हाय. चौथीपर्यंतच हाय आमची शाळा."

विस्तार अधिकारी साहेबांनी हातातली यादी टेबलावर ठेवली. इंग्रजी सुरू होतं पाचवीपासून. भिवंडीतला हा वर्ग भरतो इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांसाठी, दरवर्षी दहा दिवस. आणि अकलोलीच्या पलीकडच्या पाड्यावरचे हे सावळाराम गुरुजी सहा वर्षं न चुकता हजर.

"मग तुम्ही इंग्रजी शिकवता कुणाला?"

"कुनालाच न्हाय."

"शाळेत दुसरं कोण आहे?"

"मी येकलाच."

"मग आत्ता शाळा कोण बघतंय?"

"कुलूप."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. गुरुजी विनोद करत नव्हते.

त्याचं झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी, अडुसष्ट साली, 'प्रत्येक केंद्रातून एक शिक्षक पाठवावा' असा हुकूम आला आणि केंद्रातल्या झाडून सगळ्या मास्तरांची पोटं एकाच दिवशी बिघडली. ठणठणीत राहिले ते एकटे सावळाराम. पुढल्या वर्षी कचेरीने जुनी यादी समोर ठेवून नवी टाइप केली. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. कचेरीच्या यादीत एकदा चढलेलं नाव खाली उतरवायला कुणाला वेळ असतो?

गुरुजींनीही कधी ब्र काढला नाही. पाड्यावरची माणसं चांगली होती, पण उजाडताच रानात जायची ती दिवेलागणीलाच यायची, आणि आली की झोपायची. अलीकडे शाळा सुटल्यावर गुरुजींशी बोलायला शाळेची घंटा तेवढी उरायची. इथे मात्र दहा दिवस रोज सकाळी एक जिवंत माणूस त्यांच्याकडे तोंड करून 'हाऊ आर यू?' विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. थांबणं सक्तीचंच होतं. शिकवायची पद्धत तशी होती.

"उद्या तुमचा नमुना पाठ आहे ना?" साहेब म्हणाले. "तो बघतो. मग ठरवू, पुढच्या वर्षी तुमचं नाव ठेवायचं का."

गुरुजींनी लगेच वही उघडली.

वर्गाच्या भिंतीला लागून यंत्रमागाची शेड होती. सकाळच्या शिफ्टला छत्तीस लूम खडाखडा सुरू झाले की मास्तरांना आपलं इंग्रजी त्यांच्या वरच्या पट्टीत न्यावं लागे. त्यामुळे इथून शिकून गेलेला मास्तर कुठेही ओळखू यायचा. तो 'थँक यू'सुद्धा भांडायला आल्यासारखं म्हणायचा.

सरावाला जोड्या असत. गुरुजींची जोडी कल्याण रस्त्यावरच्या कोनच्या शाळेतल्या राहीबाईंशी; त्यांचंही नाव यादीतून कधी उतरलं नव्हतं. बाई ओरडायच्या, "व्हेअर इज युवर वाइफ?" गुरुजी ओरडायचे, "माय वाइफ इज इन द किचन!" सहा वर्षं प्रश्न हाच, उत्तर हेच. बाईंना एवढंच ठाऊक होतं, की गुरुजींची बायको स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही.

पाठाला गुरुजींच्या वाट्याला 'देअर इज नो' आलं. शिकवणाऱ्या तरे सरांचा एक नियम होता: वाक्य बोलताना ते समोर दिसलं पाहिजे, खरं असलं पाहिजे. गुरुजींनी आदल्या दिवशी खडूची पेटी रिकामी केली, माठ उपडा घातला, सगळी तयारी केली.

साहेब पहिल्या बाकावर बसले. गुरुजींनी पेटी उचलली.

"देअर इज नो चॉक इन द बॉक्स!"

झाकण उघडलं. पेटी काठोकाठ भरलेली. साहेब येणार म्हणून शिपाई नवशाने नवे खडू घातले होते. गुरुजी घाईने माठाकडे गेले.

"देअर इज नो वॉटर इन द पॉट!"

आणि वाकडा करून दाखवताच पाणी साहेबांच्या बुटांवर. नवशाने माठही भरला होता, वर वाळा टाकून.

वर्ग खदखदला. साहेबांनी पाय वर घेतले. तरे सर कपाळाला हात लावून ओरडले, "अहो गुरुजी, खरं बोला! कुठलंही, पण खरं!"

गुरुजी रिकाम्या हातांनी उभे राहिले. खरं काय, ते शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही.

"देअर इज नो वन इन माय किचन."

त्याच क्षणी वीज गेली. छत्तीस लूम एकदम थांबले.

"व्हेरी गुड!" तरे सर आनंदाने उडालेच. "करेक्ट सेंटेन्स! ऑल टुगेदर, रिपीट!"

आणि सवयीप्रमाणे चाळीस मास्तर त्या शांततेत जीव खाऊन ओरडले, "देअर इज नो वन इन माय किचन!"

"वन्स मोअर!"

तिसऱ्या वेळी शेडमधला एक मागवाला धावत येऊन दारात उभा राहिला. केसांत सुताचा भुसा. "क्या हुआ मास्टर? किधर आग लगी?"

सगळे हसत सुटले. साहेबसुद्धा. हसल्या नाहीत त्या राहीबाई. त्या ओरडल्याही नव्हत्या.

चहाच्या सुट्टीत त्या गुरुजींजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "कवापासून?" सहा वर्षांत त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी मराठीत बोलत होत्या.

"गोदूला जाऊन तीन वर्सं झाली."

"आन् दरसाल मला सांगत व्हता ते?"

"वाक्य बरोबर व्हतं ना, बाई."

शेवटच्या दिवशी साहेबांनी त्यांना बाजूला बोलावून पाठीवर थाप मारली. "असा पाठ मी जिल्ह्यात बघितला नाही, गुरुजी! मी शेराच मारलाय." त्यांनी कागद दाखवला. 'पूर्ण प्रशिक्षित. पुन्हा पाठविण्याची आवश्यकता नाही.'

"सुटलात म्हणा!" साहेब म्हणाले.

"थँक यू," गुरुजी म्हणाले. अगदी हळू. साहेबांना ऐकूही गेलं नसेल.

एसटी स्टँडवर कल्याणची गाडी आधी लागली. राहीबाई गर्दीतून घुसून खिडकीशी बसल्या आणि बाहेर डोकं काढून म्हणाल्या, "गुरुजी, पुढल्या साली मी आदी येनार. तुमची जागा धरून ठेवीन, पंख्याखालची. आन् सरावबिराव ऱ्हाऊ दे, तुम्ही मला गोदूबाईंचं सांगा समदं. ठेवू ना जागा?"

कंडक्टरने घंटी मारली. बाईंची पिशवी अजून खालीच, गुरुजींच्या हातात होती.

"ठेवा," गुरुजी म्हणाले, आणि टाचा उंचावून त्यांनी ती पिशवी खिडकीतून नीट आत दिली.