उरलेले प्रतिसाद

नियम मोडून कोणी दुसऱ्याचे नुकसान केले, तर दोष कोणाचा हे ठरवणे अवघड नसते. परंतु नियम श्रद्धेने पाळला आणि त्या पाळण्यामुळेच जिवाभावाच्या माणसाचे काही कायमचे नाहीसे झाले, तर त्या दोषाला काय म्हणावे? आणि तो कबूल केल्याने ऐकणाऱ्याचे दुःख हलके होईल की दुणावेल? या दोन प्रश्नांनी मुरलीधरनानांना तीन महिने छळले होते. अखेर एका सकाळी त्यांनी जळगावच्या स्थानकावर धुळ्याची बस धरली.

नाना संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांचा एकुलता एक मुलगा विक्रम दीपनगरच्या वीज केंद्रात अभियंता होता. श्रावणात काविळीचे निमित्त झाले आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्यामागे पत्नी शिल्पा राहिली, आणि राहिली त्याची इंटरनेटवरची रानभाज्यांची साइट.

अकरा वर्षे विक्रमने ती साइट सांभाळली होती. सुट्टीच्या दिवशी तो यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला जाई. तिथल्या भुरीबाई त्याला रानभाज्या दाखवीत. कुठली पाने कोवळी असताना खुडायची, कुठली दोनदा उकळून पाणी टाकून द्यायचे, हे सारे तो टिपून आणी. घरी शिल्पा ती भाजी करी, तो चव घेई आणि मग लिही. दोनशेच्या वर भाज्या झाल्या होत्या. सर्व्हरचा खोळंबा झाला की तो जेवणाचा डबा तसाच ठेवून तासन् तास सर्व्हरच्या कंपनीशी पत्रव्यवहार करीत बसे. लेख उचलून आपल्या नावावर खपवणाऱ्यांना कंटाळून त्याने शोधयंत्रांना साइटची दारे बंद केली होती. त्यामुळे तिची प्रत जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. दर आठवड्याचा बॅकअप आपोआप निघे, पण तोही त्याच सर्व्हरवर साठे. एवढ्या जाणत्या माणसाकडून राहिलेली ही एकच गफलत.

दवाखान्यात त्याने शिल्पाला सांगितले होते, “साइटकडे लक्ष ठेव.”

सुतकाच्या सहाव्या दिवशी विक्रमचा फोन वाजला. तो नानांच्या हाताशी होता. सर्व्हरच्या कंपनीने लेखी निरोप पाठवून कळवले होते की जुना सर्व्हर बंद होत आहे. खाते नव्या सर्व्हरवर हलवायचे असल्यास सात दिवसांच्या आत खालील दुव्यावर संमती द्यावी, अन्यथा खाते पुसले जाईल. नानांनी ते दोनदा वाचले. त्यांना ते पूर्ण समजले. शिल्पा शेजारच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिला हाक मारावी असे त्यांच्या मनात आलेही. पण सुतकात व्यवहार करायचा नाही, हा त्यांच्या घरातला चार पिढ्यांचा नेम होता. तेरावा झाला की सांगू, असे म्हणून त्यांनी फोनचा आवाज बंद केला आणि तो कपाटात ठेवला. मुदत नेमकी तेराव्यालाच संपत होती. एका दिवसाने काय बिघडणार, असे त्यांना वाटले. उशिरा आलेल्या वह्या त्यांनी शाळेत चाळीस वर्षे स्वीकारल्या होत्या. मुलगा गेलेल्या घराला कोणी एक दिवस नाकारील, हे त्यांच्या कल्पनेतही आले नाही.

चौदाव्या दिवशी साइटच्या जागी पांढरे पान होते.

शिल्पाने कंपनीला सात पत्रे लिहिली. प्रत्येक उत्तर सौजन्याचे होते आणि प्रत्येक उत्तरात एकच गोष्ट होती: मुदतीची सूचना दिली होती, पुसलेले परत आणता येत नाही. पुढे ती माहेरी धुळ्याला गेली. तिथून फोनवर ती म्हणे, “माझंच चुकलं नाना. त्यांनी एवढं एकच मागितलं होतं माझ्याकडे.” आणि नाना प्रत्येक वेळी म्हणत, “प्रकृतीला जप.”

एरंडोल मागे पडले, पारोळा गेले. सांगायची वाक्ये नाना मनाशी रचत होते. एकही वाक्य टिकले नाही.

दार शिल्पाच्या आई कलाबाईंनी उघडले. पाण्याचा तांब्या पुढे करताच त्यांचे अहिराणीत सुरू झाले. “बरं झालं नाना, तुमी घर उनात ते. तुमीच सांगा आते तिले. पोर धड जेवस नही. बठ्ठा दिवस त्या डबड्यापुढे बसेल शे.”

“आई, डबडं नाही गं, लॅपटॉप आहे,” आतून शिल्पाचा आवाज आला.

“ज्याम्हा काहीच उरनं नही त्याले डबडंच म्हणतंस!” असे म्हणून कलाबाई चहा टाकायला गेल्या.

शिल्पा बाहेर आली आणि नानांच्या पाया पडली. ती फार वाळली होती. नानांनी आशीर्वादासाठी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

“आधी ऐकून घे,” ते म्हणाले. “मग पाया पडायचं की नाही ते ठरव.”

त्यांनी सांगितले. सहावा दिवस, निरोप, मुदत, कपाट. काहीही वगळले नाही, कारणेही दिली नाहीत. शेवटी फक्त म्हणाले, “तुझं काही चुकलं नव्हतं. तीन महिने मी तुला तसं समजू दिलं, हा दुसरा अपराध. तो पहिल्याहून मोठा.”

शिल्पा भिंतीला टेकून खाली बसली.

“मी शेजारच्या खोलीत होते नाना.”

“हो.”

“एक बोट लावायचं होतं. एकच. मला सांगितलं असतं तर मी सुतक मोडलं असतं. पाप मला लागलं असतं, तुम्हाला नाही.” तिचा आवाज चढला. “त्यांनी भुरीबाईंच्या अंगणात बसून लिहिलेला एकेक शब्द होता तो! तुम्ही कधी वाचलं होतंत त्यातलं काही? एक तरी पान?”

नानांनी नकारार्थी मान हलवली. “सावकाश वाचू म्हणत होतो. अकरा वर्षं.”

कलाबाई चहाचे कप घेऊन दाराशीच थबकल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले, लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या आत गेल्या. शिल्पा तोंडावर पदर घेऊन रडली. नाना समोर बसून राहिले. तिला शांत हो म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना ठाऊक होते.

चहा निवला. मग शिल्पा उठली, लॅपटॉप घेऊन आली आणि तो तिने नानांसमोर ठेवला.

“क्षमा केली असं आज मला म्हणता येणार नाही,” ती म्हणाली. “पण तुम्ही हे वाचा. एवढंच उरलंय.”

साइटवर कोणी प्रतिसाद लिहिला की त्याची प्रत विक्रमच्या ई-मेलच्या टपालपेटीत येत असे. ती पेटी निराळ्या ठिकाणी होती, म्हणून वाचली. लेख गेले होते. लेखांवर लोकांनी लिहिलेले सारे शिल्लक होते. नाना चष्मा पुसून वाचू लागले.

‘दादा, चिवळीच्या भाजीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून माझी आई हसली आणि मग रडली.’

‘तिसऱ्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. आमच्याकडे फांगाची भाजी अशी शिजवत नाहीत.’

‘तुमच्या वडिलांविषयीचा उल्लेख फार आवडला.’

नाना तिथे थांबले. “काय लिहिलं होतं त्याने?”

“मला आठवत नाही नाना,” शिल्पा म्हणाली. “मी खूप आठवून पाहिलं. खरंच नाही आठवत.”

बाहेर ऊन कलले. नाना एकेक प्रतिसाद वाचत गेले. आपल्या मुलाशी इतकी माणसे बोलत होती आणि त्यांत आपला एकही शब्द नव्हता. सर्वांत अखेरचा प्रतिसाद विक्रम दवाखान्यात असताना आलेला होता. नंदुरबारच्या ललिता नावाच्या कोणा बाईंनी विचारले होते: ‘शेवळांची भाजी तुमच्या रीतीने केली, पण घसा खवखवला. चिंच केव्हा घालायची?’

“याचं उत्तर राहिलंय,” नाना म्हणाले.

“खाली त्यांचा ई-मेल पत्ता आहे. उत्तर जाईल.” शिल्पा त्यांच्या शेजारी येऊन बसली. “मी सांगते. तुम्ही लिहा.”

तिने सांगितले: चिंचेचा कोळ आधीच, शेवळे तेलात परतायच्या वेळीच घालावा, मागून घातला तर खाज जात नाही. नाना एका बोटाने अक्षर अक्षर जुळवीत राहिले. उत्तर संपल्यावर आपल्याही दोन ओळी लिहाव्यात का, असे त्यांनी शिल्पाला विचारले. तिने होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी खाली लिहिले:

‘ही भाजी सांगणारा विक्रम आता नाही. तो माझा मुलगा. त्याचे लेखन माझ्या हातून गेले. जिने त्याच्यासाठी प्रत्येक भाजी शिजवली, तिच्या सांगण्यावरून हे उत्तर लिहिले आहे. तिच्या मनाला स्वस्थता लाभो. रानातली पाने आम्हांला दाखवणाऱ्या भुरीबाईंना दीर्घ आयुष्य लाभो. आणि आपण, आपल्या घरी पान वाढाल तेव्हा सर्वांना ते गोड लागो.’