दोन विहिणी आणि पांढरं कापड

मी टेप बोलतेय. गाण्यांची नव्हे, शिवणकामाची. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. कारखान्यात माझ्या हजारो बहिणी एकाच दिवशी छापून निघाल्या. माझं नशीब असं, की मी फक्त लग्नाचे कपडे शिवणाऱ्या एका ताईंच्या गळ्यात पडले. अगदी अक्षरशः!

पहिल्याच आठवड्यात कळलं, की कंबरेचं माप घेताना माणसं श्वास रोखतात. नवरी रोखते, नवरा रोखतो, नवऱ्याचे वडीलही रोखतात. तेवढ्यापुरते सगळे सारखे. बाकी प्रत्येकाची तऱ्हा निराळी, आणि मला चौकशीची भारी खोड! एका घरात नवरीने आपल्या पोशाखाला स्वतः टाका घालायचा नाही. दुसऱ्या घरात वर्षभर बसून भरतकाम तिनेच करायचं, नाहीतर सासरचे नाक मुरडणार. कुणाकडे नवऱ्याने पोशाख आधी पाहायचा नाही. असा एक नवरा मशीनमागे लपलेला सापडला. त्याची आत्या त्याला कान धरून बाहेर घेऊन गेली.

"असं का?" मी दर वेळी मनात विचारायची. उत्तर बहुतेक ठरलेलं: "आमच्यात असंच असतं."

मग एक दिवस दोन विहिणी एकदमच आल्या. मधे नवरी. मुलाच्या आईच्या हातात पांढऱ्या रेशमी कापडाचं गाठोडं होतं. मुलगा पाळण्यात असल्यापासून तिने ते होणाऱ्या सुनेसाठी जपलं होतं.

"आमच्यात नवरी पांढऱ्यातच हवी," ती म्हणाली.

"आणि आमच्यात लाल," मुलीची आई म्हणाली. "पांढरं चालायचं नाही."

"अहो विहीणबाई, हात तरी लावून बघा."

"नको म्हटलं ना!"

मी नवरीच्या खांद्यावर होते. तिच्या काळजाची धडधड मला जाणवत होती. लग्न मोडतंय की काय, असं मलासुद्धा वाटलं.

ताईंनी मुलीच्या आईला हलकेच विचारलं, "आई, तुम्ही पांढरं शेवटचं कधी घातलंत?"

मुलीची आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हिचे बाबा गेले तेव्हा. आमच्यात ते दुःखातच घालतात. वर्षभर घातलं. हिनेही."

मुलाच्या आईने गाठोडं पुन्हा बांधलं. "मला काय ठाऊक हो," ती पुटपुटली. "ताई, लालच शिवा."

"तुमची माणसं विचारतील," मुलीची आई म्हणाली.

"विचारू देत. मी आहे ना सांगायला."

ताईंनी मला नवरीच्या कंबरेभोवती घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच एका नवरीने श्वास रोखला नाही, मोकळा सोडला.

माप लिहून होईपर्यंत मुलीच्या आईने गाठोड्याची गाठ सोडली होती. कापड बोटांनी चाचपत ती म्हणाली, "मऊ आहे हो. ताई, आतून अस्तराला पुरेल का?"

मुलाच्या आईने घाईघाईने कापड उलगडून धरलं. ताईंनी कापडावर मला दोनदा फिरवलं. "बाह्यांना कमी पडेल."

"बाह्या राहू देत. अंगाशी असलं म्हणजे झालं."

लग्नानंतर महिन्याभराने ती नवरी दुकानात आली. "ताई, मी सासरी निघताना आई रडायला लागली. आमच्यात रडावंच लागतं. सासूबाई घाबरल्या, त्यांच्यात त्या दिवशी रडणं म्हणजे अपशकुन! रुमाल घेऊन धावल्या, आणि आईचे डोळे पुसता पुसता स्वतःच हमसाहमशी रडल्या. शेवटी आईलाच त्यांना पाणी द्यावं लागलं."

ताई इतक्या हसल्या, की तोंडातली टाचणी खाली पडली.

आता मी थकले. ओढून ओढून अर्धा इंच वाढले, आणि खोटं माप देणारी टेप कुणाला हवी? नवी आली, मी खिळ्यावर गेले. तक्रार नाही. एकच रुखरुख आहे. इतक्या नवऱ्या मोजल्या, पण लग्न एकही पाहिलं नाही. तुम्हाला तर आमंत्रणं येतात. परक्या माणसांच्या लग्नाला गेलात, तर जेवून लगेच पळू नका. एखाद्या आजीच्या शेजारी बसा आणि हे असं का, ते असं का, सगळं विचारा. तिलाही ठाऊक नसेल, तर दोघं मिळून तिसऱ्याला विचारा.

आणि जे कळेल ते मला येऊन सांगा. मी इथेच आहे, खिळ्यावर.